दारावरच्या एकोणसाठ ओळी

जोयड्याच्या बस स्टँडवर माझ्या नावानं चौकशी केलीत तर लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. ‘काचवाला कुठं राहतो?’ असं विचारलंत तर कुणीतरी घरापर्यंत आणून सोडेल. काचेचं काम मी आयुष्यात कधी केलेलं नाही. मी लाकडावर आणि रंगवलेल्या वस्तूंवर पारदर्शक इपॉक्सी रेझिनचा थर देतो. तो वाळला की काचेसारखा दिसतो, म्हणून हे नाव पडलं. वीस वर्षं लाखेचं पॉलिश केलं, नंतरची अकरा वर्षं हे. या अकरा वर्षांत चारशे बारा कामं झाली. प्रत्येक काम वहीत आहे: त्या दिवसाचं तापमान, हवेतला दमटपणा, रेझिन किती ग्रॅम, हार्डनर किती, ओतलं किती वाजता.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन डबे असतात. एकात रेझिन, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही रंगाला पाण्यासारखी आणि धारेला मधासारखी. दोन भाग रेझिनला एक भाग हार्डनर मोजायचा, चार मिनिटं सावकाश ढवळायचं आणि ओतायचं. ते आपलं आपण पसरतं, आपली पातळी आपण शोधतं. चोवीस तासांत घट्ट होतं, सात दिवसांत पक्कं. दोन गार पातळ पदार्थ एकत्र केल्यावर भांडं हाताला गरम लागतं, याचं मला अजून नवल वाटतं. एकदा फोन आला म्हणून मी भांडं बाजूला ठेवलं. परत आलो तर त्यातून धूर निघत होता आणि भांड्याचा तळ वितळून टेबलाला चिकटला होता. चूल नाही, काडी नाही. त्या दिवसापासून ढवळताना मी फोन घेत नाही.

दुसरं नवल लाकडाचं. दोनशे वर्षांपूर्वी कापलेलं असो की दोन, लाकूड श्वास घेतं. दिवस तापत जातो तेव्हा ते आतली हवा बाहेर टाकतं; थर दिलात तर तो बुडबुड्यांनी भरून जातो. दुपारी तीननंतर हवा उतरू लागली की तेच लाकूड हवा आत ओढतं आणि रेझिन सोबत घेतं. म्हणून माझं ओतायचं काम तीननंतर. जून ते सप्टेंबर मी ओततच नाही. आमच्याकडच्या पावसाळ्यात यंत्रावर चौऱ्याण्णव टक्के दमटपणा दिसतो आणि थरावर दुधासारखी साय येते. एका होमस्टेवाल्याला मी जुलैत नाही म्हणालो. त्यानं दुसऱ्याकडून फणसाचं टेबल करून घेतलं. ऑगस्टमध्ये भेटला तेव्हा म्हणाला, “टेबल वाळंना झालंय. पाव्हण्यानं त्यावर पेपर ठेवला, तो निघंना. आता ज्याला बातमी वाचायची त्यानं टेबलापाशी यायचं.”

चुका माझ्याही झाल्या. कॅसलरॉकच्या एका रेल्वे कामगारानं स्वतः रंगवलेला कॅरम बोर्ड आणला. मी त्यावर एक मिलिमीटरचा असा थर दिला की छतावरचा पंखा त्यात दिसावा. आठवड्यानं तो बोर्ड डोक्यावर घेऊन परत आला.

“काय झालं?”

“दिसायला झ्याक हाय. पर ह्येच्यावर काय बी ठरत न्हाई. स्ट्रायकर सोडला तर घाट उतरून खाली कुळ्याच्या स्टेशनात जाऊन थांबंल.”

दोघंही हसलो आणि मी बोर्ड घासून मंद करून दिला. ‘ह्येच्यावर काय बी ठरत न्हाई’ हे वाक्य मी तेव्हा नुसतं हसण्यावारी नेलं. ते वहीत लिहून ठेवायला हवं होतं.

आता त्या दाराचं सांगतो.

दिवाळी होऊन गेली होती. अणशीच्या बाजूच्या जंगलातली वस्ती सोडून एक कुटुंब रामनगरजवळ नव्या घरात राहायला आलं. जुन्या घरातून त्यांनी भांडी, कणगी आणि मुख्य दार आणलं. दाराची एकच फळी, फणसाची, बहात्तर इंच उंच, तीस इंच रुंद, तांबड्या कावेनं रंगवलेली. मुलगा दत्ता, वय चाळीसच्या आसपास, दार टेम्पोतून घेऊन आला. सोबत त्याची आई जानकीअक्का. टेम्पोवाला दाराला हात घालणार इतक्यात ती म्हणाली, “हळू. त्यातली समदी बोटं मेल्या मानसांची न्हाईत, माझी बी हाईत.”

मी जवळ जाऊन पाहिलं. कावेवर चुन्याचे ठसे होते. पाच बोटांची टोकं, शेजारी शेजारी, एक ओळ. तिच्याखाली दुसरी. त्यांच्या घरात रीत अशी की नव्या भाताची पहिली लोंबी दारावर बांधली, की घरातल्या बाईनं चुन्यात बोटं बुडवून दारावर एक ओळ उठवायची. वर्षाला एक ओळ. वरून खाली चोवीस ओळी झाल्या की शेजारी दुसरा रकाना. पहिला रकाना आजेसासूचा, दुसरा सासूचा. तिसऱ्या, अक्काच्या रकान्यात अकरा आणि मध्ये एक जागा रिकामी.

“हिथं काय झालं?”

“त्या साली गव्यांनी समदं भात खाल्लं. लोंबीच न्हाई तर बोटं कशाला?”

मी मोजल्या. चोवीस, चोवीस आणि अकरा. एकोणसाठ. अक्काच्या रकान्यात सगळ्यात वरच्या ओळीचे ठसे जाड होते, बाईच्या बोटांचे वाटत नव्हते.

“ही कुणाची?”

“त्येंची. लोंबी आली तवा मी म्हायेरी हुतो, आई आजारी. सासू तर त्याच साली गेलेली. मग त्येंनीच लावली. गाव हसलं, बाप्यानं बोटं लावली म्हनून.” ती स्वतःही हसली. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, हे दत्तानं मला नंतर सांगितलं. त्याचा एकही फोटो घरात नव्हता.

दत्ताची काळजी साधी होती. टेम्पोत दोर घासून दोन ओळी पुसट झाल्या होत्या. जुन्या घराला पुढे खोल पडवी होती. नव्या घराला नाही. पश्चिमेचा पाऊस थेट दारावर. “मामा, एका पावसात समदं जाईल. काचेत बंद करून द्या.” मी सांगितलं की उन्हात हा थर दोन-तीन वर्षांत पिवळा पडतो, वर पत्रा घालून सावली कर. तो हो म्हणाला. जाताना अक्का माझ्या हाताकडे बघून, धाकट्या भावाला हाक मारावी तशी म्हणाली, “तम्मा, ती जाडी बोटं गेली तर मला दुसरी मिळायची न्हाईत.”

इपॉक्सीचं एक वैशिष्ट्य हे की चूक काढून घेता येत नाही. ओतलं की ओतलं. म्हणून मी कावेची चाचणी आधीच घेतली होती: फणसाच्या तुकड्यावर काव लावून, वाळवून, वर रेझिन. उत्तम. मग दाराचा हिशेब मांडला. दीड मिलिमीटरचा थर, म्हणजे दोन लिटर शंभर मिली. चौदाशे आणि सातशे. दोन्ही भांडी भरून ओट्यावर ठेवली. घड्याळात तीन दहा झाले होते. माझी बायको सुमन बुडबुडे शोधायला बॅटरी घेऊन उभी होती. तिनं विचारलं, “पांढऱ्यावर बघितलंत का?”

मी पांढऱ्यावर बघितलं नव्हतं.

भांडी झाकली. नव्या तुकड्यावर काव लावली, वर चुन्यात बोटं बुडवून ठसे काढले आणि आठ दिवस वाळू दिले. नवव्या दिवशी रेझिन ओतलं. विटेसारखी कोरडी काव एकदम ओल्या कुंकवासारखी खोल झाली. ठसे पहिल्या मिनिटाला राखाडी झाले. तिसऱ्या मिनिटाला तेल लागलेल्या कागदासारखे. पाचव्या मिनिटाला नव्हतेच.

“अहो, पुसले कुणी?” सुमन म्हणाली.

कुणी पुसले नव्हते. ते तिथंच होते, फक्त दिसत नव्हते. चुन्याचा पांढरेपणा हा त्याच्या कणांमधल्या हवेचा असतो. चुना दिलेली भिंत पावसात भिजली की मळकट होते आणि वाळली की परत पांढरी होते, ते याचमुळे. रेझिन त्या भेगांत शिरतं आणि ती हवा कायमची घालवतं. ही भिंत पुन्हा कधीच वाळत नाही. मी दाराकडे पाहिलं. आठ दिवसांपूर्वी मी एकोणसाठ वर्षं पाच मिनिटांत घालवणार होतो, तीही दोन्ही भांडी ग्रॅमपर्यंत अचूक मोजून.

पुढच्या तीन आठवड्यांत अकरा तुकडे झाले. आधी लाखेचा हात दिला, ठसे गेले. पाण्यातलं वार्निश दिलं, निम्मे गेले. दर रविवारी अक्काचा फोन यायचा. “बोटं हाईत न्हवं?” “आहेत अक्का.” बारावा तुकडा करण्याऐवजी मी सगळे तुकडे पिशवीत घालून रामनगरची बस पकडली. काम जमणार नाही, दार आहे तसं परत घ्या, हे फोनवर सांगणं मला बरोबर वाटेना.

अक्कानं तुकडे ओसरीवर मांडून घेतले. एका तुकड्यावर रेझिन न दिलेले माझे ठसे होते. तिनं त्यावर अंगठा फिरवला. अंगठा पांढरा झाला.

“ह्यो कसला चुना?”

“शिंपल्यांचा. तुम्ही वापरता तोच. दत्तानंच दिला.”

“आनि पेज?”

“कसली पेज?”

तिनं सुनेला हाक मारली. “रेणुका, हिकडं ये. ह्ये बघ. ह्येनं नुसता पान्यात चुना कालवलाय.” मग माझ्याकडे वळून, “नुसता चुना भित्तीला लावत्यात, बाबा. दाराला नव्या तांदळाच्या पेजेत कालवायचा. न्हाईतर टिकल कसा? येवढं समदं मोजलंस, काटा घिऊन बसलास, आनि मला इचारलं न्हाईस व्हय?”

रेणुका पदर तोंडाला लावून हसत होती. मला हसू आलं नाही. तीन आठवडे मी ज्या चुन्यावर प्रयोग केले, तो त्या दारावर नव्हताच.

परत येऊन पेजेत चुना कालवला. हे ठसे रेझिनखाली मंद झाले, पण गेले नाहीत. पेजेनं चुन्याची छिद्रं अर्धी बुजवली होती. मग मला सुचलं ते एवढंच, की उरलेली अर्धीही पेजेनंच बुजवावीत. पेज पातळ केली, फडक्यातून दोनदा गाळली आणि कुंड्यांवर पाणी मारायच्या फवाऱ्यानं दीड हात अंतरावरून दवासारखी मारली. वाळू दिली, पुन्हा मारली. तीन वेळा मारलेला तुकडा मंद, सहा वेळा मारलेला बरा, नऊ वेळा मारलेला जसाच्या तसा पांढरा. वहीत लिहिलं: पेज, नऊ वेळा, तीन दिवस. हा उपाय मला बाजारातल्या कुठल्याच डब्यावर मिळाला नसता.

दारावर ओतलं त्या दिवशी तापमान सव्वीस होतं, दमटपणा अठ्ठावन्न. तीन वाजून वीस मिनिटं. अक्का आणि दत्ता आले होते. पहिला हात पातळ, फक्त मागून आणि कडांना, लाकडाचं तोंड बंद करण्यापुरता. तो आदल्या दिवशी तीननंतर दिला होता. मग मी चौदाशे आणि सातशे एकत्र केले आणि दाराच्या मध्यावर धार धरली.

मी चारशे बारा वेळा हे पाहिलं आहे आणि दर वेळी ते पहिलं मिनिट मला नवं वाटतं. पण असं कधी पाहिलं नव्हतं. काव खाली खाली जात राहिली, काळी नदी डोहात स्थिर होते तशी, आणि ठसे वर आले. कोरड्या दारावर जे नुसते पांढरे ठिपके होते, त्यांना आता कडा होत्या. दोरानं घासलेल्या दोन ओळीही दिसू लागल्या. चुना जिथं उरला नव्हता तिथं पेजेचा डाग उरला होता. सुमननं बॅटरी आडवी धरली आणि माझ्या आधी तिलाच दिसलं.

“रेषा आहेत.”

बोटांच्या रेषा. आजेसासूच्या, सासूच्या, अक्काच्या. साठ वर्षांपूर्वी एका बाईनं बोट दाबलं आणि उचललं, त्यात तिच्या कातडीवरच्या बारीक रेषा उमटल्या होत्या. धुरानं आणि धुळीनं झाकल्या होत्या, इतकंच. मी तिसऱ्या रकान्याच्या वरच्या ओळीवर बॅटरी घ्यायला सांगितली. जाड ठसे. दुसऱ्या बोटाच्या मधून एक आडवी स्वच्छ रेघ गेली होती. मला वाटलं केस पडला. चिमट्यानं काढायला वाकलो.

“ऱ्हाऊ दे,” अक्का म्हणाली. “ती कोयत्याची हाय. लग्नाआधी कापलं हुतं त्येंचं बोट.”

दत्ता पन्नास-साठ वेळा त्या दारातून आत-बाहेर गेला असेल, असं मी लिहिणार होतो. खरं म्हणजे काही हजार वेळा. त्यालाही ती रेघ माहीत नव्हती.

इथं हे थांबवलं असतं तर कामाची जाहिरात झाली असती. पण पुढचं सांगणं भाग आहे.

दार बसलं, पावसाळा पार पडला, एका थेंबानं त्याला काही केलं नाही. दत्तानं फोनवर दोनदा कौतुक केलं. नव्या जागेतल्या पाऊण एकरात भात आलं. आणि मग अक्काचा फोन.

“तम्मा, तुझ्या दारानं औंदाचं साल घेतलं न्हाई.”

मी गेलो. नवी लोंबी दारावर बांधलेली होती. अक्कानं वाटी पुढे केली. तिच्यात पाच पातळ पांढरे पापुद्रे होते, माशाच्या खवल्यांसारखे. आदल्या दिवशी ठसे उठवले होते. वाळले आणि एकेक करून उंबऱ्यावर गळून पडले. दुसऱ्यांदा लावले, दुसऱ्यांदा पडले. मला कॅरम बोर्डवाला आठवला. ह्येच्यावर काय बी ठरत न्हाई.

“आई, भित्तीवर लाव की,” दत्ता म्हणाला. “न्हाईतर फोटो काढून ठिवूया.”

“भित्त तू दर सालाला रंगवशील. आनि उद्या रेणुका काय मोबाइलला बोटं लावनार?” मग मला, शांतपणे, “जुनी ठिवलीस, लई चांगलं केलंस. पर दार बंद झालं रे.”

मी बंद केलं होतं. सगळी जपणूक मी मागच्या वर्षांची केली होती. पुढच्या वर्षांना जागा हवी, हे वहीत कुठंच मांडलं नव्हतं.

नुसतं घासून खरखरीत केलं असतं तर चुना वर्षभर धरला असता, वीस वर्षं नाही. रिकाम्या जागेवरचा थर काढायलाच हवा होता. पण काढायचा म्हणजे गरम हवेच्या बंदुकीनं तापवून, मऊ झाला की चपट्या पात्याच्या पत्रीनं सोलून; आणि अक्काची शेवटची ओळ अवघ्या अर्ध्या इंचावर. उष्णता तिकडे गेली तर जुने ठसे थराबरोबर उचकटून येणार. तेव्हा दार उचलून ओसरीत आडवं घातलं, ठशांवर ओली फडकी पसरली, तिसऱ्या रकान्याच्या खाली आणि उजवीकडे पट्टी धरून धारदार पात्यानं रेघ मारली आणि सुरुवात केली. तापवायचं, हात लावून बघायचं, दोन इंच सोलायचं, फडकं पुन्हा भिजवायचं. रेणुका पाणी देत होती. सहा तास लागले. रेझिनबरोबर कावही निघाली आणि खाली फणसाचं पिवळं लाकूड उघडं पडलं. जुन्या ठशांपैकी एकही हलला नाही. पण थराच्या कडेला दीड मिलिमीटरची ओबडधोबड पायरी राहिली. माझ्या हातून इतकं वाईट दिसणारं काम दुसरं झालेलं नाही.

सासू-सुनेनं उघड्या भागावर काव लावली. मी तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. बोलावलं नव्हतं, पण घरी बसवेना. अक्कानं वाटीत नव्या तांदळाची पेज घेतली, चुना कालवला, पाच बोटं बुडवली आणि त्या पायरीच्या खाली दाबली. उचलली. आम्ही चौघं दारासमोर बसून राहिलो. रेणुकानं चहा केला, तो प्यालो. ठसे कडांपासून पांढरे होत गेले. पूर्ण वाळल्यावर अक्का उठली आणि अंगठ्याच्या नखानं एका ठशाची कड खरवडली. थांबली. पुन्हा खरवडली, जोरात.

“बसलं,” ती म्हणाली.

मी तोवर टेप काढून मोजलं होतं. तिसऱ्या रकान्यात बारा जागा, चौथा अख्खा रिकामा, चोवीस.

“किती मावत्यात रे अजून?” तिनं विचारलं.

“छत्तीस.”

“छत्तीस! मला अडुसष्ट झाली. म्हंजे एकशेचारपतुर मलाच लावाय लागनार काय ग, रेणुका?” रेणुका नुसती हसली आणि वाटी तिच्या हातातून घेतली. अक्का दाराजवळ गेली, पायरीच्या वरच्या काचेतल्या आणि खालच्या कोरड्या ठशांवरून बोट फिरवत राहिली. मग मागे न वळता म्हणाली, “छत्तीस ह्ये औंदाचं धरून, का सोडून?”

“धरून छत्तीस,” मी म्हणालो. “सोडून पस्तीस.”